कॅथलिक धर्मगुरू : दीक्षा, अधिकार आणि मर्यादा

रेणापूर : रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या रेणापुरात धर्मकार्य करणाऱ्यांची अनेक रूपे लोकांच्या परिचयाची आहेत. देवळातील पुजारीपण बहुधा वंशपरंपरेने चालत येते. लिंगायत समाजाचे संस्कार जंगम करतात, तेही जन्माने. सप्ताहातील कीर्तनकार कोणत्याही जातीचा असू शकतो. त्याची योग्यता त्याच्या वाणीवर आणि आचरणावर ठरते. मशिदीतील मौलाना अध्ययन करून होतात, तर विहारातील भन्ते दीक्षा घेऊन. या मालिकेतील ‘फादर’ मात्र अनेकांना इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक किंवा हिंदी चित्रपटातील पांढऱ्या झग्यातले पात्र, एवढ्यापुरतेच ठाऊक असतात.

लातूर जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प असल्याने हे अपरिचितपण स्वाभाविक आहे. परंतु कॅथलिक धर्मगुरूचे नेमके स्थान समजून घेण्यासाठी असाच प्रदेश अधिक उपयोगी ठरतो. जेथे हाकेच्या अंतरावर चर्च असते, तेथे फादर काय करतात हा प्रश्न कोणी विचारत नाही. जेथे फादर दूर असतात आणि रविवारची उपासना किंवा मरणासन्न माणसाचा अखेरचा संस्कार त्यांच्या येण्यावर अवलंबून असतो, तेथे त्यांच्यावाचून काय अडते आणि काय अडत नाही, हे स्पष्ट दिसते.

जन्माने नव्हे, दीक्षेने

कॅथलिक श्रद्धेनुसार धर्मगुरुपद हे वारशाने मिळत नाही, केवळ शिक्षणाने मिळत नाही आणि गावाने निवडून दिल्यानेही मिळत नाही. ते बिशपांच्या हस्ते होणाऱ्या गुरुदीक्षेने मिळते. कॅथलिक चर्च सात संस्कार मानते : स्नानसंस्कार अर्थात बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. गुरुदीक्षा हा त्यांतील एक असून त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली डीकन, दुसरी धर्मगुरू आणि तिसरी बिशप. बिशप हे येशूच्या प्रेषितांचे वारस मानले जातात. धर्मगुरू हे त्यांचे सहकारी होत. धर्मगुरूचा अधिकार स्वयंभू नसून तो बिशपांशी असलेल्या नात्यातून येतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दीक्षेचा विधी साधा, पण गंभीर असतो. उमेदवार बिशपांच्या हातात हात देऊन आज्ञापालनाचे वचन देतो. संतांच्या नावांची प्रार्थनामाला चालू असताना तो वेदीपुढे साष्टांग पडून राहतो. त्यानंतर बिशप एक शब्दही न उच्चारता त्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवतात आणि उपस्थित धर्मगुरूही एकामागून एक तसेच करतात. हे हस्तार्पण आणि त्यापाठोपाठची दीक्षाप्रार्थना हा विधीचा गाभा होय. पुढे तळहातांना पवित्र तेल लावले जाते आणि भाकर व द्राक्षरसाची पात्रे हाती दिली जातात.

ही दीक्षा पुसली जात नाही, अशी चर्चची शिकवण आहे. एखाद्याने धर्मगुरूचे काम सोडले किंवा त्याला सेवेतून दूर करण्यात आले, तर त्याला मिस्सा करण्याचा हक्क राहत नाही. पण दीक्षा कायम राहते. म्हणूनच कोणी मृत्यूच्या दारात असेल, तर सेवेतून मुक्त झालेला धर्मगुरूही त्याची पापक्षमा करू शकतो, अशी तरतूद १९८३ च्या चर्चच्या विधिसंहितेत आहे.

बोलीभाषेत ज्या सर्वांना ‘पाद्री’ म्हटले जाते, त्यांत बरेच भेद आहेत. विशिष्ट धर्मप्रांतासाठी दीक्षित झालेले धर्मगुरू त्या बिशपांच्या अधिकारात काम करतात. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, सलेशियन अशा संघांतील धर्मगुरू त्याशिवाय दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. संघातील प्रत्येक पुरुष धर्मगुरू असतोच असे नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते, धर्मगुरू नव्हते. सिस्टर अर्थात धर्मभगिनी या व्रतस्थ असतात. त्यांनाही गुरुदीक्षा नसते.

जे फक्त धर्मगुरूलाच करता येते

धर्मगुरूच्या कामाचे तीन भाग सांगितले जातात : शिकवणे, संस्कार देणे आणि समाजाला मार्ग दाखवणे. यांतील शिकवण्याचे व मार्गदर्शनाचे काम इतरांनाही वाटून घेता येते. काही संस्कार मात्र दीक्षित व्यक्तीवाचून होऊच शकत नाहीत.

त्यांतील पहिला म्हणजे मिस्सा. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर व द्राक्षरस शिष्यांना देऊन आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, असे सांगितले, या घटनेवर मिस्सा आधारलेली आहे. धर्मगुरूने अर्पणाची प्रार्थना म्हटल्यावर भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. ही प्रार्थना कोणी विद्वान प्राध्यापकाने किंवा आयुष्यभर सेवा केलेल्या धर्मभगिनीने म्हटली, तरी ती मिस्सा ठरत नाही.

दुसरा संस्कार प्रायश्चित्ताचा. श्रद्धावान धर्मगुरूपुढे आपली पापे सांगतो. धर्मगुरू उपदेश करून, प्रायश्चित्त सांगून देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतो. येथे ऐकलेले काहीही, कोणत्याही कारणासाठी, बोलून किंवा खुणेनेही उघड करण्यास धर्मगुरूला सक्त मनाई आहे. जाणूनबुजून ही गुप्तता मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी, वेगळा निकाल न लागताही, चर्चमधून बहिष्कृत ठरतो.

तिसरा संस्कार रुग्णाभ्यंगाचा. गंभीर आजारी किंवा वृद्ध व्यक्तीच्या कपाळावर व हातांवर पवित्र तेल लावून तिच्यासाठी प्रार्थना केली जाते. पूर्वी हा संस्कार केवळ मरणशय्येवर होत असे. त्यामुळे फादर घरात आले की रुग्णाचा धीरच सुटे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो आजारातील आधाराचा संस्कार म्हणून पुन्हा पुढे आणण्यात आला. तरीही तो देण्याचा अधिकार धर्मगुरूपुरताच राहिला. दूरच्या गावातील कुटुंबाला रात्री-अपरात्री फादरांना दूरध्वनी करावा लागतो, तो यासाठीच.

जे इतरांनाही करता येते

याउलट अनेक गोष्टींसाठी धर्मगुरू अपरिहार्य नसतो, हे खुद्द कॅथलिकांपैकीही काहींना ठाऊक नसते. बाप्तिस्मा सामान्यतः धर्मगुरू किंवा डीकन देतात. परंतु नवजात बालकाच्या जिवाला धोका असेल, तर चर्चच्या हेतूनुसार पाणी ओतून ठरलेली वाक्ये म्हणणारी कोणतीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते. प्रसूतिगृहातील परिचारिकेने दिलेला बाप्तिस्माही ग्राह्य असतो. ती परिचारिका स्वतः ख्रिस्ती असण्याची अटही नाही.

विवाहात तर पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेनुसार वधू-वर स्वतःच एकमेकांना संस्कार देतात. धर्मगुरू त्यांची संमती विचारतो आणि चर्चच्या वतीने साक्षी राहतो. भारतात १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे त्याच्या या भूमिकेला दिवाणी महत्त्वही आहे.

मिस्सेत अर्पण झालेला प्रसाद आजाऱ्यांच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी धर्मभगिनींना किंवा नेमलेल्या सामान्य श्रद्धावानांना देता येते. धर्मगुरू नसेल त्या रविवारी गावकऱ्यांनी एकत्र जमून बायबलवाचन व प्रार्थना करावी, अशी शिफारस विधिसंहितेतच आहे. अंत्यविधीच्या प्रार्थनाही धर्मगुरूवाचून अडून राहत नाहीत.

खेड्यापाड्यांत हे सारे काम बहुतेक वेळा धर्मशिक्षक करतो. त्याला कोठे कॅटेकिस्ट, कोठे प्रचारक, तर कोठे नुसतेच ‘मास्तर’ म्हणतात. तो गृहस्थ असतो, त्याच समाजात राहतो, मुलांना प्रार्थना शिकवतो, भजने बसवतो आणि फादर येणार असल्याचा निरोप घरोघर देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या साऱ्याला तात्त्विक आधार दिला. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी आहे, असे १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजात म्हटले आहे. दीक्षित धर्मगुरूचे याजकपण या सामान्य याजकपणाहून वेगळ्या जातीचे असले, तरी दोन्ही परस्परांसाठी आहेत, अशी त्यातील भूमिका आहे. थोडक्यात, धर्मगुरू समाजासाठी आहे. समाज धर्मगुरूसाठी नाही.

याच ठिकाणी प्रोटेस्टंट पंथांशी असलेला फरकही कळतो. मराठवाड्यात प्रोटेस्टंट मिशनची परंपराही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. प्रोटेस्टंट पाळक सहसा विवाहित असतात आणि त्यांच्या कामात वचनाचा उपदेश केंद्रस्थानी असतो. कॅथलिक धर्मगुरूच्या कामात उपदेश आहेच, पण केंद्रस्थानी वेदी आहे.

धर्मगुरू कसा घडतो

धर्मगुरूंच्या पद्धतशीर शिक्षणाची सक्ती १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने केली. प्रत्येक धर्मप्रांताने त्यासाठी सेमिनरी स्थापावी, असा तो ठराव होता. आज विधिसंहितेनुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. भाषाशिक्षण, आध्यात्मिक तयारी आणि प्रत्यक्ष गावांतील अनुभवाचा काळ धरला, तर ही वाटचाल बहुधा त्याहून बरीच लांबते. येशूसंघासारख्या संघांत ती आणखी मोठी असते. दीक्षेसाठी किमान वय २५ वर्षे असून त्यापूर्वी किमान सहा महिने डीकन म्हणून सेवा करावी लागते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची महत्त्वाची केंद्रे आहेत. श्रीलंकेतील कँडी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात हलवण्यात आली. पुण्यातीलच ज्ञानदीप विद्यापीठात देशभरातून विद्यार्थी तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकायला येतात. मुंबईत गोरेगावची सेंट पायस सेमिनरी, तर विदर्भात नागपूरची सेंट चार्ल्स सेमिनरी प्रसिद्ध आहे.

ब्रह्मचर्य आणि स्त्रियांचा प्रश्न

कॅथलिक धर्मगुरूविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न ब्रह्मचर्याचा. हा श्रद्धेचा सिद्धान्त नसून शिस्तीचा नियम आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पाश्चात्त्य चर्चमध्ये हा नियम शतकानुशतके घट्ट होत गेला. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंनी केलेले विवाह अग्राह्य ठरवले. रोमशी संलग्न असलेल्या अनेक पौर्वात्य चर्चमध्ये मात्र विवाहित पुरुषाला दीक्षा मिळू शकते. पाश्चात्त्य चर्चमध्येही डीकनपद विवाहितांना खुले आहे आणि मुंबई धर्मप्रांतात असे विवाहित डीकन सेवेत आहेत. ते बाप्तिस्मा देऊ शकतात, विवाह लावू शकतात, प्रवचन करू शकतात. मिस्सा मात्र करू शकत नाहीत.

धर्मगुरूवाचून राहणाऱ्या दुर्गम वस्त्यांचा प्रश्न २०१९ मध्ये जागतिक पातळीवर चर्चेला आला. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यासाठी रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने अनुभवी, विवाहित पुरुषांना धर्मगुरुदीक्षा देण्याची सूचना बहुमताने केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मधील आपल्या पत्रात ती स्वीकारली नाही. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केले होते. त्यावर आजही अनेक देशांतील कॅथलिकांमध्ये मतभेद आहेत.

संख्येचा ताण मात्र वाढतो आहे. २०२३ अखेर जगातील कॅथलिकांची संख्या सुमारे १४० कोटी, तर धर्मगुरूंची संख्या सुमारे चार लाख सात हजार होती. म्हणजे सरासरी एका धर्मगुरूमागे जवळपास साडेतीन हजार श्रद्धावान. युरोपात धर्मगुरू घटत आहेत, तर आफ्रिका व आशियात वाढत आहेत. एके काळी युरोपातून धर्मगुरू घेणारा भारत आता त्यांना तिकडे पाठवतो.

मराठवाड्यातील वाटचाल

निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात कॅथलिक मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुजले. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी हे काम नागपूरच्या धर्मप्रांतातून सुरू केले. आजच्या वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्याचे आद्य केंद्र. पुढील पिढीतील फादर जाकिए यांना तर लोक ‘गुरुबाबा’ म्हणूनच ओळखत. परक्या धर्मगुरूला लोकांनी दिलेले हे खास मराठी संबोधन बरेच काही सांगून जाते.

नागपूर, मग अमरावती असा प्रवास करून १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. डॉमिनिक आब्रिओ हे त्याचे पहिले बिशप. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. मराठवाड्याचे आठही जिल्हे, म्हणजे सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरचा टापू, या एकाच धर्मप्रांतात मोडतो. रेणापूरहून बिशपांचे मुख्य चर्च सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. अशा प्रदेशात एखाद्या धर्मग्रामाच्या प्रमुखाला अनेक गावे सांभाळावी लागतात. चर्चच्या नियमानुसार धर्मगुरूने सामान्यतः दिवसाला एकच मिस्सा करायची असते. धर्मगुरू कमी असतील तर दोन आणि रविवारी गरजेनुसार तीनपर्यंत परवानगी देता येते. त्यापलीकडे गावे कितीही असली, तरी ती वाट पाहतात.

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर दलित जातींतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ च्या दुरुस्तीनंतर शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना तो मिळत नाही. चर्चच्या आतही जातिभेद असल्याची कबुली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मधील दलित सक्षमीकरण धोरणात दिली. धर्मगुरुपद जन्मावर अवलंबून नाही, हे तत्त्व सांगणे सोपे. पण कोणत्या समाजातील मुले सेमिनरीपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील किती जण अधिकारपदावर जातात, हा खरा प्रश्न असतो. या पार्श्वभूमीवर हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पुला यांना ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनल करण्यात आले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल होत.

वेदीपलीकडचे काम

महाराष्ट्राला धर्मगुरू परिचित झाले ते मुख्यतः वेदीबाहेरच्या कामामुळे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणांची सवय होती, हे ओळखून त्यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचल्या. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मराठीच्या गौरवासाठी आजही त्याचा उल्लेख होतो. पण मुळात ते शिकवण्याच्या कर्तव्यातून जन्मले होते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. मूळचे स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दुष्काळी गावांत आयुष्य घालवले. भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रम उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेचेही ते एक संस्थापक. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण तर रेणापूरच्या शेजारचेच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. वसईतील ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि हरित वसईच्या चळवळीचे नेते ही त्यांची ओळख. ते धर्मगुरू असल्याचे कारण पुढे करून काहींनी त्यांच्या निवडीला विरोध केला. तरीही संमेलन पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

या कामांसाठी गुरुदीक्षेची गरज नव्हती, असे म्हणता येईल. ते खरेही आहे. शाळा, पाणलोट, साहित्य ही कामे दीक्षेवाचूनही होतात. चर्चचे म्हणणे असे की, धर्मगुरू ज्या लोकांपुढे भाकर मोडतो, त्यांच्या भाकरीची चिंता त्याला वाहावीच लागते. मात्र सत्तेच्या राजकारणापासून त्याने दूर राहावे, असा दंडक आहे. शासकीय सत्ता हाती येईल असे सार्वजनिक पद स्वीकारण्यास विधिसंहिता धर्मगुरूला मनाई करते.

बदली, पैसा आणि जबाबदारी

धर्मगुरूची नेमणूक आणि बदली बिशप करतात. ठरावीक वर्षांनंतर तो दुसऱ्या धर्मग्रामात जातो आणि ७५ व्या वर्षी त्याने पदमुक्त होण्याची विनंती करावी, अशी अपेक्षा असते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबींसाठी श्रद्धावानांची समिती असणे सक्तीचे आहे. मिस्सेसाठी कोणी देणगी दिल्यास ती घेता येते; पण दिवसाकाठी एकाच मिस्सेची देणगी धर्मगुरूने स्वतःसाठी ठेवावी, असा नियम आहे. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक काही मागता येत नाही आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांवाचून राहता कामा नये, याची काळजी धर्मगुरूने घ्यायची असते. पैशावाचून संस्कार अडल्यास श्रद्धावानाला बिशपांकडे दाद मागता येते.

अधिकार आला की गैरवापराची शक्यताही येते. धर्मगुरूंकडून मुलांचे लैंगिक शोषण झाल्याच्या आणि वरिष्ठांनी ते दडपल्याच्या घटना अनेक देशांत उघड झाल्या. त्यानंतर मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले आणि त्या दडपणाऱ्या बिशपांच्या चौकशीची पद्धत घालून दिली. २०२३ मध्ये हे नियम कायम करण्यात आले. भारतात २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार असा गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. प्रायश्चित्त संस्कारातील गुप्तता आणि असे कायदे यांतील पेच जगभर चर्चेत आहे. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांनी या गुप्ततेची सवलत काढूनही घेतली आहे. धर्मगुरूविषयीचा आदर हा चौकशीला पर्याय ठरू शकत नाही, हे आता चर्चलाही मान्य करावे लागले आहे.

फादर येईपर्यंत

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू बहुधा लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून उभा राहत असे. त्यानंतर मिस्सा मराठीत आली, धर्मगुरू लोकांसमोर आला आणि टाळ-मृदंगावरील भजनांनाही उपासनेत जागा मिळाली. आपल्याला नेमके काय दिले जात आहे, हे लोकांना आपल्या भाषेत कळू लागले. त्याबरोबर काय मागायचे, हेही कळू लागले.

मराठवाड्यातील विखुरलेल्या कॅथलिक समाजासाठी धर्मगुरूचे मोल याच मापाने मोजले जाते. तो नसताना प्रार्थना थांबत नाही, मुलांचे शिक्षण थांबत नाही, मृताला मूठमाती द्यायची थांबत नाही. मात्र वेदीवरची भाकर, पापक्षमेचा शब्द आणि आजाऱ्याच्या कपाळावरचे तेल यांसाठी त्याचीच वाट पाहावी लागते. ही वाट कमी कशी करायची, विवाहितांना दीक्षा देऊन, स्थानिक मुलांना सेमिनरीपर्यंत आणून की धर्मशिक्षकांना अधिक अधिकार देऊन, हा प्रश्न चर्चपुढे आजही उभा आहे.

प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे धर्मगुरूवर बंधनकारक असते. अशा वहीत काही पानांनंतर सही करणारा धर्मगुरू बदलतो. कुटुंबांची आडनावे मात्र पिढ्यान् पिढ्या तीच राहतात.